वरीलप्रमाणे

"पोरी, माझा मणी दिवाळीपासनं बटणांच्या डब्यात पडलाय. आणि तुझ्या त्या नकाशात माझं घर हिरवंगार. हे कसं काय गं?"

शमशादचाचीने हे विचारलं तेव्हा मी राहीला खांद्यावर टाकून तिची ढेकर निघायची वाट बघत होते. बाळंतपण उरकून माहेरून परत आल्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. चाची बाळ बघायला आली होती. सोबत डिंकाचे लाडू, एक झबलं आणि हा प्रश्न.

मी हसले. "चाची, गल्लीचं पाणी एकच ना? मग तुमच्याकडचं कसं असेल त्याचा अंदाज लागतो त्या यंत्राला. हुशार आहे ते."

"हुशार आहे म्हणूनच विचारलं," ती म्हणाली. मग राहीचे तळवे चोळत दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

त्या दिवशी मी उठून माझ्या ओट्याखाली फक्त हात घातला असता, तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

मणी म्हणजे काय ते आधी सांगते. नळाच्या तोंडाशी, नाहीतर ओट्याखाली नळाच्या जोडावर बसवायची चिंचोक्याएवढी वस्तू. आत एक पातळ पापुद्रा असतो. पाण्यातल्या वेगवेगळ्या क्षारांनुसार त्यातून जाणारा वीजप्रवाह बदलतो, आणि त्यावरून मणी ओळखतो की फ्लोराइड किती, नायट्रेट किती. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही. नळातून वाहणारं पाणी आतली बारीक चक्री फिरवतं, त्यावर तो चालतो, आणि दर सहा तासांनी आकडा पाठवतो. चार कंपन्या चार तऱ्हेचे मणी बनवतात. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून निरनिराळ्या राज्यांतल्या अभियंत्यांनी, कॉलेजांनी आणि ग्रामसभांनी मिळून एक सामाईक नमुना ठरवला: कुठला रकाना कुठे, कुठलं एकक, कुठली वेळ. सगळी माहिती सगळ्यांना खुली. कोणीही, कुठूनही, कोणाच्याही नळाचा आकडा बघावा. याला लोकपाणी म्हणतात; त्याच्या नकाशात पाणी चांगलं असलेलं घर हिरवं दिसतं. मी संख्याशास्त्राची पदवीधर. ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता, चांगल्या अर्थाने. म्हणून आमच्या कॉलनीची पाणीसखी मी आपण होऊन झाले. महिन्याच्या शेवटी पूर्ण कॉलनीच्या तक्त्यावर नजर टाकायची आणि 'मान्य' दाबायचं, एवढंच काम.

कॉलनी द्राक्षबागा मोडून झालेली. उतारावर एकाखाली एक घरं. पाणी खालच्या विहिरीचं. उरलेल्या बागा अजून चारी बाजूंना आहेत, आणि त्यांना खतं काय प्रमाणात लागतात ते इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. त्यामुळे नायट्रेटची धास्ती मला होतीच. म्हणून तर रोज नकाशा बघायची. तेरा नंबर, आमचं घर: सहा पूर्णांक एक. पंचेचाळीसपर्यंत चालतं. सहा म्हणजे झऱ्याचं पाणी.

तरीही मी पाणी वीस मिनिटं उकळायची. मला दूध कमी, राहीला वरच्या पावडरचं लागायचं. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरायचं, त्यात दूध कालवायचं. रणजित, माझा नवरा, पुण्याला नोकरीला. शनिवारी आला की चेष्टा करायचा, "अगं, पाणी उकळतेस की बासुंदी आटवतेस?" कॉलनीतल्या बाळंतिणींनाही मी हेच सांगायची. पाणीसखी ना मी. वीस मिनिटं, बरं का, कमी नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, अंघोळीनंतर राहीला पुसताना तिचे ओठ मला वेगळे दिसले. जांभळं खाल्ल्यावर दिसतात तसे. मी पंचा बाजूला केला, खिडकीचा पडदा सारला, तिला उजेडात धरलं. नखंसुद्धा.

डॉ. आरगे मॅडमचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. त्यांनी राहीच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा लावला. रक्तातला ऑक्सिजन नव्वद. नळी लावून पाच मिनिटं ऑक्सिजन दिला. तरी नव्वदच.

"सर्दी नाही, छाती मोकळी आहे," मॅडम म्हणाल्या. "हृदयाचं बघावं लागेल, हेमांगी. जिल्ह्याला सोनोग्राफी करून घेऊ."

त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर संभाव्य कारणांची यादी उमटत होती. आता दवाखान्यांची यंत्रंही त्याच सामाईक नमुन्यातून माहिती उचलतात. तुमचा पत्ता टाकला की तुमच्या गल्लीची हवा, पाणी, साथी सगळं समोर येतं. यादीतल्या चौथ्या ओळीवर, माझ्या डोळ्यांदेखत, एक आडवी रेघ ओढली गेली. शेजारी बारीक अक्षरात: पाणी निर्धोक.

"हे काय खोडलं, मॅडम?"

"पाण्यातल्या नायट्रेटनं असं होतं कधीकधी लहान बाळांना. पण तुमचं पाणी उत्तम आहे. हे बघ ना, सहा." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "गाडी तासाभरात येईल. तोवर घरी जा, तिचे कपडे, फाइल घे. दूध पाजून आण, लांबचा प्रवास आहे."

पडद्यावर आमच्या गल्लीची ओळ होती. बारा नंबर, सहा पूर्णांक दोन. तेरा, सहा पूर्णांक एक. चौदा, सहा पूर्णांक तीन. वेळ: आज सकाळचे सहा.

चौदा नंबर म्हणजे चाची. आणि चाचीचा मणी बटणांच्या डब्यात.

मी घरी येऊन थर्मासमधल्या पाण्यात दूध कालवलं. राही भुकेने रडत होती. बाटली तिच्या ओठांपर्यंत नेली आणि थांबले. तिला गादीवर ठेवून ओट्याखाली हात घातला. मणी हाताला लागला. बाहेर काढला. त्याचा दिवा लागत नव्हता. नळ सोडला, जोरात सोडला. काही नाही. सप्टेंबरात मी माहेरी गेले तेव्हापासून घर बंद होतं, रणजित पुण्यात. चार-पाच महिने नळ वाहिलाच नाही, तर चक्री कशी फिरणार? तो पार निजला होता. एकदा निजला की टाचणीने टोचून परत जोडून घ्यावा लागतो, हे मीच कॉलनीला शिकवलं होतं.

फोनवर तेरा नंबर: सहा पूर्णांक एक. आज सकाळी सहा वाजता.

बाटली बंद केली, राहीला उचललं आणि चाचीच्या दारात गेले.

"चाची, तो डबा दाखवा."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. स्टीलचा डबा उघडला. शर्टाची बटणं, हुक, दोन सुया आणि मधोमध मणी. मी फोनवरचा तक्ता तिच्यापुढे धरला. चष्मा लावून ती वाचत गेली. सहा पूर्णांक दोन, सहा पूर्णांक एक, सहा पूर्णांक तीन, सहा पूर्णांक दोन. वाचता वाचता हसली. मग एकदम तिचं तोंड उतरलं.

"हे तर आमचं काम."

"म्हणजे?"

शमशादचाची तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. पाण्याच्या नोंदींचं रजिस्टरही गावोगावी अशाच बायकांच्या गळ्यात असायचं. "बघ बेटा, पंधरा विहिरी, चार परीक्षानळ्या. सगळ्यांचं पाणी तपासणार कसं? एक तपासायची, आणि खाली लिहायचं, वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. मग वरून हुकूम निघाला, वरीलप्रमाणे चालणार नाही, आकडा लिहा. तर आम्ही वरचा आकडा लिहायला लागलो. मग साहेब ओरडले, सगळे आकडे एकसारखे कसे? तर शेवटचा आकडा जरा हलवायचा. एक खाली, दोन वर." तिने बोट तक्त्यावर टेकवलं. "हे तस्संच आहे गं."

लोकपाणीत रिकाम्या जागा भरणारं जे यंत्र आहे, त्याला शिकवायला जुनी रजिस्टरं वापरली होती. राज्यभरातली, तीस-तीस वर्षांची. त्याचं मला केवढं कौतुक होतं! आपल्या बायकांनी राखलेल्या नोंदी वाया गेल्या नाहीत, म्हणून. लाखो पानं वाचून यंत्र एकच गोष्ट नीट शिकलं होतं. घर गप्प असेल तर वरच्या घराचा आकडा घ्यायचा, आणि खरा वाटावा म्हणून शेवटचा अंक थोडा हलवायचा.

"म्हणजे माझा आकडा बारा नंबरचा," मी म्हणाले.

"आणि बाराचा अकराचा," चाचीने पायात चप्पल सरकवली. "चल. पोरीला माझ्याकडे दे, तू दारं वाजव."

आम्ही गल्ली चढायला लागलो. चाचीच्या खांद्यावर राही, माझ्या हातात न पाजलेली बाटली. तासातली पंधरा मिनिटं गेली होती.

बारा नंबरात मणी होता, पण धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नळाच्या वर टांगलेला. अकरा नंबरात नवा पितळी नळ बसवला होता. "त्याच्यावर तो काळा मणी शोभेना हो." दहामध्ये काकू म्हणाल्या, "आहे की!" आणि आम्हाला देवघरात घेऊन गेल्या. मणी बाळकृष्णाच्या पुढ्यात, हळदकुंकू वाहिलेला. "हिरवा दिवा लागायचा त्याला. आता विझला, पण काढवेना."

"अहो काकू, तो नळाला लावायचा!"

"आकडा येतो की आमचा. सगळ्यात चांगला आकडा आमचाच येतो."

नऊ, आठ, सात. कुठे मेलेला, कुठे हरवलेला. सहा नंबरवाल्यांनी दारातूनच विचारलं, "आमचा रंग बदलणार नाही ना? थोरलीचं जमवतोय, पाहुणे आधी नकाशा बघतात." कारण नमुन्याचा एक नियम होता: दहापैकी एकाहून जास्त घरं रिकामी असतील तर गल्ली करडी दिसते. करड्या गल्लीत कोणी घर घेत नाही, तिथली मुलगी करून घेत नाही.

प्रत्येक दारात मी नकार ऐकायला गेल्यासारखी जात होते, आणि प्रत्येक दारात तोच मिळत होता. वाटेत राही रडायची थांबली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"झोपली का ती?"

"जागी आहे. तू चाल," चाची म्हणाली.

एक नंबर. घोरपडे अण्णा, कॉलनी समितीचे अध्यक्ष. ते पेपर वाचत बसले होते.

"या, या, हेमांगीताई! बाळाला घेऊन आलात?"

"अण्णा, तुमचा मणी चालू आहे?"

"म्हणजे काय! दर महिन्याला पुसतो मी." त्यांनी अभिमानाने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. मणी खरोखर जिवंत होता, दिवा हिरवा. पण तो नळाला नव्हता. भिंतीवरच्या गाळणीयंत्राच्या तोटीला होता, ज्यातून चारदा गाळलेलं पाणी येतं.

"इथे का लावला?"

"मग? आम्ही पितो ते पाणी मोजायचं ना? नळाचं पितो कोण?"

एक जिवंत मणी. तोही गाळलेल्या पाण्यावर. आणि त्याच्याखाली उतारावर एकवीस घरं, हिरवीगार.

"अण्णा, मणी द्या."

"अहो, असा कसा देऊ? समितीचा..."

"घोरपडे," चाची म्हणाली. अण्णांना नुसत्या आडनावाने हाक मारणारी ती कॉलनीत एकटीच असावी. "तुमच्या दोन्ही पोरांना मी डोस पाजलेत. या पोरीचे ओठ बघा आणि काय ते बोला."

अण्णांनी बघितलं. स्वतःच्या हाताने मणी काढून दिला, आणि पेपर तसाच हातात घेऊन आमच्यामागून निघाले.

माझ्या नळाला मणी लावला. मिनिटभर दिवा पांढरा राहिला, मग लाल झाला. एकशे अठरा. मी थर्मासमधलं पाणी भांड्यात ओतलं आणि मणी त्यात धरून ढवळला. चक्री फिरली.

एकशे चौसष्ट.

पाणी उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट मरत नाही. वाफ होऊन पाणी उडून जातं, ते खाली राहतं, दाट होत जातं. मी शाळेत शिकले होते हे. काळजीने रोज वीस मिनिटं मी ते आटवत होते आणि पाजत होते. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात शिरतं, आणि रक्तातला जो पदार्थ ऑक्सिजन वाहून नेतो त्यालाच ऑक्सिजन धरायचं विसरायला लावतं. बाळ श्वास घेत असतं आणि आतून गुदमरत असतं.

दवाखान्यापाशी गाडी येऊन उभी होती. मी मणी मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो लाल दिवा बघितला, पडद्यावरची आडवी रेघ बघितली, आणि राहीच्या टाचेतून एक थेंब कागदावर घेतला. रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होता. हवेत धरूनही तो लाल होईना.

"जिल्ह्यालाच जायचं, पण हृदयाला नाही," म्हणाल्या आणि गाडीत स्वतः बसल्या. वाटेत फोन करून त्यांनी औषध तयार ठेवायला सांगितलं. ते औषध निळ्या शाईसारखं दिसतं. शिरेतून गेलं. अर्ध्या तासाने राहीचे ओठ गुलाबी व्हायला लागले. त्यानंतर ती जी किंचाळली, तसा गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. त्या वॉर्डातल्या भिंतीला टेकून डॉ. आरगे हळूच म्हणाल्या, "दोन महिन्यांत अशी दोन बाळं पाठवली मी हृदयाला, हेमांगी. हृदय चांगलंच निघालं. आणि पाण्याचं बाळ एकही सापडलं नाही, म्हणून यंत्राला पाण्याची अजूनच खात्री."

घरी आल्यावर मी तक्ता मुळापासून तपासला. सगळं खुलं होतं, मला कोणाची परवानगी लागली नाही. सामाईक नमुन्याच्या पहिल्या मसुद्यात एक रकाना होता: 'आकडा कसा मिळाला, मोजून की अंदाजाने'. चार कंपन्यांचं त्यावर एकमत होईना, म्हणून तो ऐच्छिक ठरला. ऐच्छिक म्हणून कोणी भरला नाही, आणि कोणी भरत नाही म्हणून आमच्या नगरपंचायतीच्या तक्त्यातून तो गळला. लोकपाणीच्या खुल्या चर्चेत मी हे सगळं मांडलं. दोन दिवसांत ओडिशातल्या एका शिक्षकाने आणि केरळातल्या दोन मुलींनी आपापल्या गावचे मणी तपासून तेच कळवलं. एकाने शांतपणे लिहिलं, यंत्रात दोष नाही, ते सांगितलं तसंच वागतंय. त्या उत्तराला बत्तीस जणांनी दुजोरा दिला. ते बत्तीस खरे की तेही वरीलप्रमाणे, हे मी अजून शोधते आहे.

आणि एक ओळ सापडली. आमच्या कॉलनीच्या तक्त्यात, अगदी तळाशी. 'रिकाम्या जागा आपोआप भरा: होय. मान्यता: हेमांगी खराडे.' तारीख राहीच्या जन्माच्या तिसऱ्या दिवसाची. माहेरी खाटेवर पडल्या पडल्या, एका हाताने, कॉलनी करडी होऊ नये म्हणून मी दाबलं होतं.

यादी आमच्या गल्लीशी थांबत नव्हती. बाविसाव्या घराखाली दुसऱ्या गल्लीचं पहिलं घर, त्याखाली तिसऱ्या गल्लीचं. अण्णांच्या एका गाळणीने तीन गल्ल्या हिरव्या केल्या होत्या. त्या घरांत सहा महिन्यांच्या आतली बाळं राहीखेरीज तीन. चाची आणि मी दारोदार गेलो. दोन सापडली, एकाची नखं निळी होती, ते आता बरं आहे.

तिसऱ्या दारात सासूबाई म्हणाल्या, "दीक्षा? ती गेली. भांडून गेली, महिना झाला. माहेरी नाही, मैत्रिणीकडे कुठेतरी. आमचे कोणाचे फोन घेत नाही." मग जरा थांबून, "लेकरू काळवंडत चाललं होतं. मी म्हणायची नजर लागली, ती म्हणायची तुमच्या घरात हवाच नाही."

मी दीक्षाला रोज फोन करते. माझाही नंबर तिने बंद केला असावा, मी तिच्या सासरच्या गल्लीतली. ती तेवीस वर्षांची आहे, उंच, उजव्या भुवईवर कापल्याची खूण. मुलाचं नाव अर्णव, आता पाच महिन्यांचा होईल. ती जिथे गेली असेल तिथेही नकाशा हिरवाच असणार. आणि ती पाणी वीस मिनिटं उकळत असणार, कारण तिला ते मी सांगितलंय, आणि ती माझं ऐकायची.

तुमच्या गल्लीत, तुमच्या मजल्यावर, हल्लीच कोणी बाळ घेऊन राहायला आलंय का? तिचं नाव दीक्षा नसलं तरी चालेल. नकाशा बघू नका. जा, दार वाजवा. बाळाला खिडकीपाशी उजेडात धरायला सांगा आणि त्याचे ओठ बघा.